‘कुणावर ओझं नको’ म्हणणाऱ्यांसाठी: उतारवयातलं स्वातंत्र्य मैत्रीवर कसं उभं असतं

साठी उलटलेल्या कुणाही पुणेकराला विचारा, पुढच्या आयुष्याकडून काय हवंय? उत्तर ठरलेलं असतं. ‘फार काही नको. हातीपायी धड असावं आणि कुणावर ओझं होऊ नये.’ पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, ‘आम्ही आमचे स्वतंत्र आहोत, मुलांच्या संसारात लुडबुड नको.’ टेकडीवर, बागेत, सोसायटीच्या बाकावर सगळीकडे हेच ऐकू येतं. आणि गंमत म्हणजे हे बोलणारा माणूस बहुतेक वेळा चौघांच्या घोळक्यात बसलेला असतो.

तो घोळका आणि ते स्वातंत्र्य यांचा संबंध काय, हे इथे उलगडायचंय. वृद्धत्वाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या साठेक वर्षांत यावर पुष्कळ काम केलंय, त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं घेते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: उतारवयात स्वतंत्र राहायचं तर गरजा दाबून ठेवून भागत नाही, त्या बऱ्याच जणांत वाटून द्याव्या लागतात. आणि वाटायला माणसं आधीपासून जोडलेली असावी लागतात.

करणं वेगळं, ठरवणं वेगळं

माणूस किती स्वतंत्र आहे, हे डॉक्टर मंडळी चक्क मोजतात. १९६३ मध्ये सिडनी काट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी सहा गोष्टी धरल्या: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली. तीत फोन, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार आले. साधारणपणे ही दुसरी यादी आधी ढासळायला लागते. अंघोळ व्यवस्थित चालू असते, पण महावितरणचं बिल मोबाइलवरून कसं भरायचं ते उमगत नाही. जेवण हाताने होतं, पण भर गर्दीत कर्वे रस्ता ओलांडायची छाती होत नाही.

या दोन्ही याद्या ‘करण्या’च्या आहेत. १९८८ मध्ये बार्ट कॉलॉपी या अभ्यासकाने एक महत्त्वाची गोष्ट मांडली: एखादी गोष्ट स्वतः करता येणं आणि ती कशी व्हावी हे स्वतः ठरवता येणं, ही दोन वेगळी स्वातंत्र्यं आहेत. पहिलं वयाबरोबर कमी होणारच. दुसरं कमी व्हायलाच पाहिजे असं काही नाही. घात होतो तो इथे, की पहिलं गेलं की घरातली माणसं दुसरंही काढून घेतात, आणि तेही प्रेमाने.

एक नेहमीचं उदाहरण. आजी रोज सकाळी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे जातात. गुडघे दुखायला लागतात. मुलगा म्हणतो, ‘आई, कशाला तंगडतोड करतेस? मी मागवतो ना.’ दहा मिनिटांत भाजी दारात. सोय झाली, यात वाद नाही. पण आता मेथी जून आहे की कोवळी हे आजी बघत नाहीत, आज काय करायचं हे भाजी बघून ठरत नाही, आणि ‘मावशी, काल आला नाहीत?’ असं विचारणारी ती बाई त्यांच्या दिवसातून गेली. करणं गेलं, त्याबरोबर ठरवणं गेलं आणि एक ओळखीचा माणूसही गेला. मुलाने आईला रिक्षाने भाजीवालीपर्यंत सोडलं असतं, किंवा शेजारच्या काकूंबरोबर जायचं ठरवून दिलं असतं, तर फक्त चालणं कमी झालं असतं.

बँकेचंही तसंच. ‘बाबा, तुमचं पैशाचं अॅप मीच वापरतो’ म्हणून मुलगी पिन घेते. वर्षभरात बाबांना स्वतःच्या पैशातून भाच्याच्या मुंजीला काय आहेर करायचा, यासाठीही लेकीची परवानगी घ्यावी लागते. तिने कधी नाही म्हटलेलं नसतं. विचारावं लागतं, हेच बाबांना बोचतं.

कोणतं काम कुणाचं

मदत कुणाकडून घ्यायची, याबद्दल दोन मतं आहेत. मार्जरी कँटर यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या वृद्धांचा अभ्यास करून असं मांडलं की माणूस मदतीसाठी उतरंडीने जातो: आधी जोडीदार, मग मुलं, मग इतर नातेवाईक, मग मित्र-शेजारी आणि शेवटी संस्था. आपल्याकडे हे कुणालाही लगेच पटेल. यूजीन लिटवाक यांनी १९८५ मध्ये याला फाटा दिला. ते म्हणाले, उतरंड वगैरे सोडा, काम बघा. प्रत्येक नात्याची घडण वेगळी, म्हणून प्रत्येक नात्याला जमणारं कामही वेगळं.

मला लिटवाक जास्त पटतात. रात्री दोन वाजता चक्कर आली, तर न्यू जर्सीतल्या मुलापेक्षा समोरच्या फ्लॅटमधला भाडेकरू कामाचा, मग तुमचं त्याच्याशी पार्किंगवरून वाजलेलं का असेना. शेजाऱ्याचा गुण म्हणजे तो जवळ असतो. खुब्याचं हाड मोडलं आणि तीन महिने उठबस करायला माणूस हवा, तिथे रक्ताचं नातंच लागतं किंवा पगारी माणूस. शेजारी तीन महिने पुरत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही बरं नाही. मित्राचं काम तिसरंच. बालगंधर्वला नाटक बघायला जायचं, प्रोस्टेटच्या तपासणीची भीती बोलून टाकायची, सुनेबद्दल कुरकुर करायची आणि ती कुरकुर पुढे कुठे जाणार नाही याची खात्री बाळगायची. मुलाशी हे बोलता येत नाही. त्याचं आपल्यावर प्रेम नाही म्हणून नव्हे. तो पंचेचाळिशीतला आहे आणि त्याला प्रोस्टेट अजून ठाऊक नाही, म्हणून.

लिटवाक यांच्या मांडणीतून निघणारा धडा पुण्याला फार लागू पडतो, कारण इथल्या कितीतरी घरांत मुलं परदेशी आहेत. कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा ऋतूप्रमाणे साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे. इथली सकाळ म्हणजे तिथली आदली संध्याकाळ. रोज व्हिडिओ कॉल होतो, त्यात जिव्हाळाही असतो, पण फोनमधून कुणी बल्ब बदलून देत नाही. अशा घरात शेजारी आणि मित्र यांची खाती रिकामी असतील, तर सगळा भार एकट्या ‘इथे राहणाऱ्या’ भावंडावर पडतो. मग त्या भावंडाचा आवाज चढतो आणि आई-वडील म्हणतात, बघा, आम्ही ओझं झालो.

मित्राची मदत बोचत नाही ती का

१९८६ मध्ये लार्सन, मॅनेल आणि झुझानेक या तिघांनी निवृत्त माणसांना दिवसभरात मध्येच गाठून ‘आत्ता कुणाबरोबर आहात, मनःस्थिती कशी आहे’ असं टिपून घेतलं. कुटुंबाबरोबर असण्यापेक्षा मित्रांबरोबर असताना माणसं जास्त उल्हसित आढळली. २०१७ मध्ये विल्यम चोपिक यांनी जवळजवळ शंभर देशांतल्या पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांची माहिती तपासली, तिथेही असंच काही दिसलं: वय वाढत जातं तसं आरोग्य आणि समाधान यांच्याशी मैत्रीचं नातं अधिक घट्ट होत जातं.

याचा अर्थ मुलं-नातवंडं नकोशी असतात असा कुणी काढू नये. घरात असताना बराचसा वेळ कामात, औषधांत, टीव्हीसमोर जातो. मित्र भेटतात तेच मुळी गप्पांसाठी, हे उघड आहे. पण आणखी एक कारण आहे आणि ते मला मोठं वाटतं. मित्राबरोबर देवाणघेवाण बरोबरीची असते. आज तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस, पुढच्या महिन्यात मी तुझ्याबरोबर पासपोर्टच्या कामाला येईन. मुलांशी हा हिशेब कधीच बरोबरीत येत नाही. पन्नास वर्षं देणाऱ्याला अचानक घेणारा व्हावं लागतं आणि ते जिवावर येतं. शिवाय मित्राला तुमच्यावर हक्क नसतो. तो ‘गाडी आता बंद करा’ असं सांगेल, पण किल्ली लपवून ठेवणार नाही. तो सल्ला देतो, ठरवायचं तुमच्यावर सोडतो. ठरवण्याचं स्वातंत्र्य टिकतं ते अशाच संगतीत.

आता किती मित्र पुरेत? गोतावळा लहान झाला म्हणजे काहीतरी बिघडलं, हा गैरसमज इथे घालवायला हवा. १९८० मध्ये काह्न आणि अँटोनुची यांनी एक सोपं चित्र वापरायला सुरुवात केली: मध्ये आपण आणि भोवती तीन वर्तुळं. सगळ्यात आतल्या वर्तुळात ज्यांच्याशिवाय जगणं अवघड ती माणसं, बाहेरच्यात नुसती ओळखीची. वय वाढतं तसं बाहेरचं वर्तुळ आपोआप आक्रसतं. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टनसेन सांगतात की यात माणसाची स्वतःची निवड असते. पुढे उरलेला काळ थोडा आहे याची जाणीव झाली की माणूस नव्या ओळखी गोळा करत बसत नाही, ज्यांच्याबरोबर बरं वाटतं त्यांनाच वेळ देतो. म्हणून ‘बाबा हल्ली लग्नाकार्याला जात नाहीत’ म्हणून लगेच काळजी करायचं कारण नाही. ज्याच्याकडे रोज जात होते त्या मित्राकडे जाणं बंद झालं असेल, तर मात्र चौकशी करा.

आणि चौकशी करताना आधी कान तपासा. हे वाचायला विचित्र वाटेल, पण कट्टा सुटण्याचं हे फार मोठं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. घरात एकाशी बोलताना भागतं. बागेत सहा जण एकदम बोलतात, बाजूने गाड्या जातात, तिथे शब्द निसटतात. विनोद झाला की सगळे हसतात, मग अर्ध्या क्षणाने हे हसतात. दोन-तीनदा भलतंच उत्तर दिलं जातं, कुणीतरी चेष्टा करतं. मग ‘गुडघा दुखतोय’ म्हणून येणं बंद. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या आणि टाळता किंवा आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या. त्यांत ऐकू कमी येणं आणि माणसांपासून तुटणं या दोन्ही आहेत. चष्मा लावायला कुणी लाजत नाही. कानाचं मशीन मात्र ड्रॉवरमध्ये पडून राहतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

एकटेपणाचा शरीरावर परिणाम होतो हेही आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता, माणसांशी घट्ट जोडलेल्यांमध्ये इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आढळली. आजारी माणूसच घराबाहेर कमी पडतो, तेव्हा कोणतं कारण आणि कोणता परिणाम, हा प्रश्न रास्त आहे; बऱ्याच अभ्यासांत सुरुवातीची तब्येत लक्षात घेऊनही संबंध दिसला, म्हणून तज्ज्ञ तो गंभीरपणे घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा जणांपैकी एकाला एकाकीपणा छळतो असं म्हटलंय. एकटं राहणारा प्रत्येक जण एकाकी असतो असं मात्र नाही. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या आणि दुपारी दोन ते चार कुणी बेल वाजवली तर चिडणाऱ्या कितीतरी बायका मजेत असतात. आणि भरल्या घरात एकाकी पडलेलेही असतात.

साठीनंतर नवा मित्र मिळतो का

मिळतो, पण आपोआप मिळत नाही. जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ मध्ये अंदाज काढला की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. हा अभ्यास गाव बदललेल्या प्रौढांवर आणि कॉलेजात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांवर होता, ज्येष्ठांवर नव्हता. तरी हिशेब करून बघा: रोज तासभर एकाच बाकावर बसलात तर सात महिन्यांच्या आत २०० तास भरतात. तेच महिन्यातून एकदा तीन तासांच्या स्नेहसंमेलनाला गेलात तर साडेपाच वर्षं लागतील. कार्यक्रमांपेक्षा रोजचा बाक भारी पडतो, तो असा.

पुण्याची एक जमेची बाजू म्हणजे इथे रोज भेटायला निमित्तं भरपूर. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. सारसबाग, कमला नेहरू पार्क. महापालिकेची विरंगुळा केंद्रं, वॉर्डावॉर्डातले ज्येष्ठ नागरिक संघ. हास्यक्लब मुंबईत सुरू झाला, डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला. पण पुण्याने तो असा उचलला की सकाळी सातला कुठल्याही मोठ्या बागेत हात वर करून ‘हा हा’ करणारी मंडळी दिसतात. बाहेरून बघणाऱ्याला ते हास्यास्पद वाटतं. हसण्याचा शरीराला किती फायदा होतो हा मुद्दा मी बाजूला ठेवते. तिथे हजेरी असते, वाढदिवस होतात, सहल निघते, आणि एखादा तीन दिवस दिसला नाही तर फोन जातो. माझ्या मते खरा फायदा तो आहे.

फोन करणारा हा माणूस जिवलग असायलाच हवा असंही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोवेटर यांनी १९७३ मध्ये अशा सैल ओळखींचं महत्त्व दाखवून दिलं: नवी माहिती बहुधा जिवलगांकडून येत नाही, अर्धवट ओळखीच्यांकडून येते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. चांगली स्वयंपाकवाली बाई, घरी येऊन रक्त घेणारी लॅब, खुर्चीवर बसून वापरायचा कमोड कुठे मिळतो, ही माहिती टेकडीवर मिळते. नाव माहीत नसतं, ‘ते लाल टोपीवाले’ एवढीच ओळख असते.

बायकांचं आणि पुरुषांचं इथे गणित वेगळं पडतं. बायकांकडे भिशी, भजनी मंडळ, वाचनकट्टा, सोसायटीतलं हळदीकुंकू असं काही ना काही चाळिशीपासून चालू असतं. पुरुषांची मैत्री नोकरीला टांगलेली असते. बँकेतला, ऑर्डनन्स फॅक्टरीतला, टेल्कोतला ग्रुप निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं भेटतो, मग व्हॉट्सअॅपवर फक्त सुप्रभात आणि श्रद्धांजली उरते. घरातलं सगळं बाहेरचं जग बायकोने सांभाळलेलं असतं, नातेवाइकांचे फोनसुद्धा तीच करते. ती आधी गेली तर या माणसाच्या हातात एकही धागा राहत नाही. म्हणून साठीच्या पुरुषांना माझा सल्ला असतो की बायकोच्या फोनमधले नंबर आपल्या फोनमध्ये घ्या आणि अधूनमधून स्वतः लावा. नुसते घेऊन ठेवू नका.

आणि पुण्यावरचं सध्याचं संकट म्हणजे पुनर्विकास. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर इथल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या धडाधड पडताहेत. नवा फ्लॅट मोठा मिळणार, लिफ्ट मिळणार, हे ज्येष्ठांच्या फायद्याचंच. पण इमारत उभी राहीपर्यंत बिल्डर भाडं देतो आणि बारा कुटुंबं बारा दिशांना जातात: कुणी वारज्याला, कुणी बावधनला, कुणी मुलाकडे खराडीला. सत्तरीतल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. परत येईपर्यंत बाकावरच्या सहापैकी किती जण येतील? सोसायटीच्या बैठकीत कार्पेट एरियावर रात्री अकरापर्यंत भांडणं होतात, या गोष्टीवर कुणी बोलत नाही. निदान चार घरांनी ठरवून एकाच भागात भाड्याने जागा बघितल्या तरी पुष्कळ.

गाडी सुटते तेव्हा

पुण्यात स्वातंत्र्य म्हणजे दुचाकी, हे वेगळं सांगायला नको. पंचावन्नच्या पुढे लायसन्सचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पण कुठलंही कार्यालय काढून घेण्याआधी बहुतेकांची गाडी एका छोट्या अपघाताने सुटते. सिग्नलला पाय टेकताना तोल जातो, खरचटतं, आणि घरातून फर्मान निघतं. त्यानंतर माणसाचं जग पायी दहा मिनिटांच्या अंतरात येतं. आमच्या शहराचे फुटपाथ बघता पाच मिनिटांच्याच म्हणा.

इथे मैत्रीचा उपयोग अगदी रोकडा असतो. चौघांनी मिळून रिक्षा केली तर गुरुवारचं गाणं चुकत नाही. गाडी सुटायच्या आधीच, म्हणजे ती चालवता येत असतानाच, आठवड्यातून एकदा बसने किंवा मेट्रोने जायची सवय लावून घेतली तर धक्का कमी बसतो. आणि पहिल्यांदा एकटं जायला भीती वाटते, सोबत कुणी असलं की वाटत नाही. एसटीत ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास आहे. २०२३ पासून सगळ्या वयाच्या बायकांना निम्मं तिकीट. एसटीने दोन दिवस वाईला किंवा साताऱ्याकडच्या औंधला जाऊन येणाऱ्या ज्येष्ठांच्या टोळ्या आता स्वारगेटला नेहमी दिसतात.

कायद्याला मित्र दिसतो का

फारसा नाही. रोजच्या आयुष्यात मित्र कितीही जवळचा असला तरी कागदावर नातेवाईक विचारले जातात. म्हणून काही गोष्टी शुद्धीवर असताना लिहून ठेवाव्या लागतात.

रुग्णालयाच्या खिडकीवर हे लगेच कळतं. मैत्रिणीला घेऊन आलेल्या बाई फॉर्म भरत असतात. ‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ ‘मैत्रीण.’ ‘नातेवाईक कुणी नाही का?’ ‘मुलगा दुबईला.’ ‘मग सही कोण करणार?’ आणि पेशंट मागे खुर्चीवर बसून म्हणत असते, ‘अहो, मी आहे ना, माझी सही मी करते.’ तिचंच बरोबर असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय की निर्णयक्षम प्रौढ रुग्णाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःचीच लागते. आईने दिलेली संमतीही त्या प्रकरणात चालली नव्हती. जीव वाचवायचा असेल तेव्हा डॉक्टरांना सहीसाठी थांबून राहायचं कारण नसतं. प्रत्यक्षात सहीबरोबर पैशांची हमीही हवी असते, म्हणून नातेवाईक शोधले जातात. विम्याचं कार्ड आणि मुलाचा नंबर मैत्रिणीकडे असला की निम्मं काम होतं.

कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून ठेवलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. इथे सावध राहा. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ज्याने अधिकार दिला त्याची मानसिक क्षमता गेली की साधं कुलमुखत्यारपत्र संपतं. म्हणजे डिमेन्शियात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच त्याचा आधार राहत नाही. शेवटच्या उपचारांबद्दल मात्र एक वाट आहे. आपल्याला सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं ते वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही. आपल्या वतीने बोलायला जवळचे नातेवाईक किंवा पालक (गार्डियन) म्हणून एकापेक्षा जास्त नावं त्यात देता येतात. नाव द्यायच्या आधी त्या माणसाशी नीट बोला, नुसतं नाव टाकून मोकळे होऊ नका.

घर मुलांच्या नावे करून देण्याची घाई, हा ठरवण्याचं स्वातंत्र्य घालवण्याचा हमखास मार्ग. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात अशी अट घातलेली असणं आवश्यक मानलं; जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. शहाणपण यात आहे की बक्षीसपत्र करायचंच तर अट स्पष्ट लिहा, आणि शक्यतो करूच नका, मृत्युपत्र करा. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं.

उतारवयात कुणाशी मैत्रीपलीकडे सूर जुळले तर? पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळ काढलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मुलांना वारसाहक्काची धास्ती असते, आणि विधवांना निवृत्तिवेतनाची. पुनर्विवाह केला की कौटुंबिक निवृत्तिवेतन सहसा बंद होतं (केंद्र सरकारच्या नियमांत अपत्य नसलेल्या विधवेला काही अटींवर सूट आहे), त्यामुळे काही जोडपी लग्नाशिवाय एकत्र राहणं पसंत करतात. त्यांना नावं ठेवण्याआधी हा हिशेब बघावा.

मैत्रीची मर्यादा

सत्तरीतल्या पाच मैत्रिणी एकमेकींचा आधार असतात, पण पाचही जणी सत्तरीच्याच. एकीचं मोतिबिंदू, दुसरीचा गुडघा, तिसरी मुलीकडे बंगळुरूला कायमची गेली. म्हणून गोतावळ्यात दहा-पंधरा वर्षांनी लहान दोघं-तिघं हवेतच: खालच्या मजल्यावरची नोकरी करणारी मुलगी, जुना विद्यार्थी, भाची. आणि अंथरुणाला खिळलेल्या मित्राची सगळी शुश्रूषा मित्रांनी उचलायला जाऊ नये, दोन्ही बाजू थकतात आणि मैत्रीच जाते. तिथे पगारी माणूस ठेवा आणि मित्राने संध्याकाळी येऊन पेपर वाचून दाखवावा. कुणीच नसेल, किंवा घरातच छळ होत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, फोन मोफत.

शेवटी किल्ल्यांबद्दल, कारण यात बहुतेकांची चूक होते. जादा किल्ली मैत्रिणीकडे द्यायची, एवढं सगळे करतात. पण रात्री आतून कडी आणि वर सेफ्टी चेन लावून झोपतात. मग बाथरूममध्ये पाय घसरला तर मैत्रीण किल्ली हातात घेऊन दाराबाहेर उभी, आणि फायर ब्रिगेडला दार तोडावं लागतं. बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच लावा आणि आतली कडी लावणं बंद करा. बाथरूमची तर नक्कीच. सकाळी आठपर्यंत ‘चहा झाला’ एवढा मेसेज ठरवून टाका. साडेआठपर्यंत आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर जाऊन दार उघडायचं. भिडेखातर थांबायचं नाही, हेही आधीच ठरवायचं. किल्ली एकीकडे नको, दोघींकडे द्या. एक नेमकी त्या दिवशी काशीला गेलेली असते.